कालच्या मेहनतीचा उतरता भाव

वसई गावातल्या होळी नावाच्या भागात संध्याकाळी क्लास सुटलेली मुलं फोनमध्ये डोकं घालून एकमेकांना विचारतात, "तुझी पॉवर किती झाली?" उत्तर लाखांत येतं. काही महिन्यांपूर्वी तेच उत्तर हजारांत यायचं. मोठी माणसं यावर दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, पोरांना मोठे आकडे आवडतात, कंपन्या शून्यं वाढवून देतात, त्यात बिघडलं काय? थोडे जाणते लोक म्हणतात, आकडे वाचता येईनासे झाले की कंपनीने ते छाटावेत, विषय संपला. मला ही दोन्ही मतं उथळ वाटतात, कारण दोन्हींचा समज असा की प्रश्न आकड्याच्या लांबीचा आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांत डॅमेज, आयुष्य, ताकद यांचे आकडे फुगतात, कारण हे खेळ कधी संपू द्यायचे नसतात. जो खेळ संपत नाही त्यात उद्याची मेहनत विकायची असेल, तर कालच्या मेहनतीचा भाव पाडावा लागतो. तो भाव पाडायचं साधन म्हणजे हा फुगवटा. शून्यं छाटली तरी भाव पडायचा थांबत नाही. आणि ही गोष्ट खेळापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने ती दहावीच्या निकालात पाहिली आहे.

१. एका क्षणापुरता आकडा खरोखरच निरर्थक

विरुद्ध मताला त्याचं श्रेय आधी देतो. तलवारीचा घाव ३५ चा आणि राक्षसाचं आयुष्य १०५ असेल, तर तो तीन घावांत मरतो. घाव ३५ लाखांचा आणि आयुष्य १ कोटी ५ लाखांचं असेल, तरी तो तीन घावांतच मरतो. आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ गुणोत्तराला असतो. १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन आला तेव्हापासून या प्रकारच्या खेळांचं गणित हेच आहे. त्यामुळे "शून्यं वाढली तर काय झालं" हा प्रश्न एका क्षणापुरता बिनतोड आहे.

खेळणारा मात्र एका क्षणात राहत नाही. त्याच्या आकड्याची दोन नाती असतात. एक समोरच्या शत्रूशी, दुसरं त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी. ३५ चा घाव ४० चा झाला तेव्हा त्याला जो आनंद झाला, तो या दुसऱ्या नात्यातला होता. फुगवटा पहिलं नातं जसंच्या तसं ठेवतो. शत्रूही तेवढाच मोठा होतो, लढाई तेवढाच वेळ चालते. तोडलं जातं ते दुसरं नातं, आणि तिथेच खेळणाऱ्याची वर्षं जमा असतात. शून्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना हे दुसरं नातं दिसतच नाही.

२. आकडा फुगतो कसा

नवी तलवार जुनीपेक्षा दोन टक्क्यांनी चांगली असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फरक हाताला जाणवायला हवा म्हणून निर्माते मोठी उडी ठेवतात. समजा दर पायरीला १५ टक्के. दहा पायऱ्यांनंतर ताकद चौपट होते, वीस पायऱ्यांनंतर सोळा पटींच्या वर जाते, चाळीस पायऱ्यांनंतर सुमारे २६८ पट. सावकारी व्याजाने ज्यांची घरं बुडाली त्यांना चक्रवाढ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवाय या खेळांत घाव बेरजेने ठरत नाही, गुणाकाराने ठरतो. मूळ ताकद, जोरदार घावाची पट आणि साथीदाराने दिलेली वाढ, या तिन्ही गोष्टी दुप्पट झाल्या की एकूण घाव आठपट होतो.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा याचा सगळ्यात नोंदलेला नमुना. २००४ मध्ये खेळ आला तेव्हा वरची पातळी ६० होती आणि पात्राचं आयुष्य काही हजारांत असायचं. मग २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, २०१० मध्ये ८५, २०१२ मध्ये ९० अशी पातळी चढत गेली. २०१३ मध्ये गॅरॉश हेलस्क्रीम हा शेवटचा शत्रू आला तोवर गोष्ट संगणकाच्या मर्यादेपर्यंत पोचली होती. ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ आहे. गॅरॉशचं आयुष्य त्यात बसवणं अवघड झालं, म्हणून लढाईच्या मधोमध त्याचं आयुष्य पुन्हा भरायची सोय करावी लागली. म्हणजे कथेत तो बलाढ्य होता म्हणून पुन्हा उठत होता असं नाही, त्याचा आकडा एका खणात मावत नव्हता.

३. भाव पडतो तो कोणाचा

खरा मुद्दा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

२००६ मध्ये याच खेळात नॅक्सरामस नावाची मोहीम आली. ती चाळीस जणांनी मिळून लढायची. चाळीस माणसांनी ठरलेल्या रात्री एका वेळी हजर राहायचं, कोणी कुठे उभं राहायचं हे पाठ करायचं, एकाच्या चुकीने सगळ्यांनी मरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. ज्यांनी ती पुरी केली ते फार थोडे होते. पुढच्याच वर्षी, २००७ च्या जानेवारीत, 'द बर्निंग क्रूसेड' हा नवा भाग निघाला. त्यातल्या हेलफायर पेनिन्सुला या पहिल्याच प्रदेशात कोणा सैनिकाची किरकोळ कामं केली की बक्षीस म्हणून साधी हिरव्या दर्जाची शस्त्रं मिळत. आधीच्या मोहिमांतून महिनोन्महिने खपून मिळवलेल्या जांभळ्या दर्जाच्या कितीतरी वस्तूंना ही हिरवी शस्त्रं मागे टाकत होती. कोणी कोणाचं काही चोरलं नाही. जांभळी तलवार पेटीत जशीच्या तशी पडून होती, तिच्यावरचा आकडाही तोच होता. फक्त त्या आकड्याला आता काही विकत घेता येत नव्हतं.

पहिला तोटा या जुन्या खेळाडूचा. दुसरा तोटा जागेचा. कलावंतांनी वर्षं घालवून रंगवलेले प्रदेश आणि किल्ले एका रात्रीत ओस पडतात, कारण तिथे मिळण्यासारखं काही उरत नाही. नॅक्सरामस तर २००८ मध्ये ८० व्या पातळीसाठी आकडे वाढवून पुन्हा मांडावी लागली. तिसरा तोटा नवख्याचा, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नवखा येतो तेव्हा त्याला सांगतात, मधलं सगळं सोड, थेट शेवटाकडे ये, सगळे तिथेच आहेत. २०१४ मध्ये कंपनीने ६० डॉलरला एक सेवा विकायला काढली. पैसे भरा आणि पात्र थेट ९० व्या पातळीवर न्या. स्वतः बनवलेला खेळ न खेळण्याची सूट निर्माता पैसे घेऊन विकतो, याहून स्पष्ट कबुली दुसरी कोणती हवी? पहिल्या नव्वद पातळ्यांचा भाव शून्यावर आला आहे, हे त्या विक्रीतूनच जाहीर झालं.

४. शून्यं छाटून काय होतं

कंपन्यांनी छाटणी केली. वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये सगळे आकडे आखडते घेतले. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात आयुष्याचे आकडे पुन्हा दहा लाखांच्या पार गेले, म्हणून २०१८ मध्ये दुसरी छाटणी झाली. २०२० मध्ये पातळ्याच १२० वरून ५० वर आणल्या. 'फायनल फँटसी १४' ने २०२१ मध्ये आकड्यांची अशीच छाटणी केली. खेळणाऱ्याला पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

नोटांच्या बाबतीत हा प्रयोग जगाने पाहिला आहे. झिंबाब्वेने २००६ मध्ये चलनातली तीन शून्यं काढली, २००८ मध्ये दहा आणि २००९ मध्ये बारा. शून्यं काढल्याने पाव स्वस्त झाला नाही, कारण नोटा छापायचं कारण तसंच राहिलं. खेळातली छाटणी तशीच. पुढच्या भागातली तलवार आजच्या तलवारीला निकामी करणार हे ठरलेलं असेल, तर ती ३५ ची आहे की ३५ लाखांची याने फरक पडत नाही. वाचायला सोपे आकडे मिळतात, एवढंच. छाटणीला उपाय म्हणणं म्हणजे ताप उतरवायचा म्हणून थर्मामीटर बदलणं.

काही निर्मात्यांनी उलटी वाट धरली. खेळाडू वाढेल तसा शत्रूही आपोआप वाढवायचा. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' मध्ये याचा परिणाम असा झाला की खेळाडू मोठा झाल्यावर रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा दुर्मीळ काच-चिलखत घालून समोर येऊ लागले. इथे जुनी जागा ओस पडत नाही हे खरं, पण वाढण्यालाच काही अर्थ उरत नाही.

५. हेच दहावीच्या निकालात

ज्यांनी असा खेळ कधी हातात धरला नाही त्यांनी महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेचे चार निकाल ओळीने वाचावेत. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण बंद केले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, ते गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हेही त्यात धरायला हवं.) २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. शंभर टक्के मिळवणाऱ्यांची संख्या या चार वर्षांत १२५, २०, २४२ आणि ९५७ अशी होती.

एका वर्षात राज्यातली मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कोणी म्हणणार नाही. मोजायची पट्टी हलली. पाच सर्वोत्तम विषय धरायची पद्धत, खेळाचे आणि चित्रकला-लोककलेचे वाढीव गुण, शाळेच्या हातातले गुण, यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर मुलाच्या भल्याची आहे. खेळातली प्रत्येक नवी तलवारही सुटी पाहिली तर खेळाडूच्या भल्याचीच असते. गुणाकार झाल्यावर काय होतं ते अकरावीच्या प्रवेशयादीत दिसतं. मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजांची यादी नव्वदीच्या वर थांबते आणि दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर जागा ठरते. समोरच्या स्पर्धकाशी असलेलं नातं कायम राहिलं. पहिला तो पहिलाच. पण १९८० च्या दशकात ७५ टक्के मिळवून गावात पेढे वाटलेल्या बापाचा आकडा आज त्याच्याच मुलाला सांगताना ओशाळा होतो, आणि ८८ टक्के मिळवलेली मुलगी निकालाच्या दिवशी रडते. हे रडणं मी पाहिलेलं आहे. त्या मुलीच्या अभ्यासात खोट नव्हती, तिच्या आकड्याचा भाव पडला होता.

२०१९ च्या निकालावर जी ओरड झाली तीही समजून घ्यावी. एकाच तुकडीचे आकडे छाटले आणि मागची-पुढची तुकडी तशीच ठेवली, तर त्या एका वर्षाच्या मुलांवर अन्याय होतो. फुगवटा सुरू करणं सोपं असतं. तो थांबवताना कोणाच्या तरी पदरातून घ्यावं लागतं, म्हणून कोणी थांबवत नाही.

६. फोनमधल्या भावाला पैसे पडतात

वॉरक्राफ्टचा खेळाडू निदान वेळ देऊन आकडा मिळवत होता. फोनवरच्या बऱ्याच खेळांनी सगळी ताकद 'पॉवर' नावाच्या एका आकड्यात कोंबली आणि तो आकडा दुकानात ठेवला. नवं पात्र सोडतीसारखं काढायचं, त्यासाठी रत्नं विकत घ्यायची. यूपीआय आल्यापासून पन्नास-शंभर रुपयांची खरेदी दोन टिचक्यांत होते. आणि पुढचं पात्र विकलं जाण्यासाठी आत्ताचं पात्र मागे पडायला हवं. इथे फुगवटा निर्मात्याच्या हातून सुटलेली चूक नसते, ते विक्रीचं वेळापत्रक असतं. चौदा वर्षांच्या मुलाला 'मॅक्स' केलेलं पात्र दाखवताना जो अभिमान वाटतो, त्याची मुदत कंपनीला त्याच्या आधी ठाऊक असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर त्याने बंदी आणली. पैसे मोजून आकडा वाढवायचा आणि तो आकडा पुढे गुपचूप निकामी व्हायचा, हा व्यवहार त्या बंदीत येत नाही. जुगारात माणसाला निदान कळतं की पैसे गेले. इथे पात्र फोनमध्येच असतं, म्हणून काही गेलंय असं वाटतच नाही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप आनंदाचा: पडद्यावर मोठा आकडा उसळला की मजा येते, ती नाकारायची का? मुळीच नाही. 'डिसगाया' सारख्या खेळात पातळी ९,९९९ पर्यंत जाते आणि आकड्यांचा हा अतिरेकच तिथला उघड खेळ आहे. खेळणाऱ्याला तो पहिल्या दिवशी माहीत असतो, आणि विकत घेतलेला खेळ त्याच्या हातात राहतो. माझा विरोध मोठ्या आकड्याला नाही. मिळवल्यानंतर त्याची किंमत दुसऱ्या कोणी परस्पर बदलण्याला आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा, आणि तो वजनदार आहे: वाढ दिली नाही तर खेळाडू सोडून जातील, सर्व्हरचा खर्च कोण देणार? याला उत्तर तर्काने देण्यापेक्षा उदाहरणांनी देता येतं. 'गिल्ड वॉर्स २' २०१२ मध्ये ८० पातळीवर सुरू झाला आणि ८० वरच आहे. सुरुवातीलाच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वस्तूंचा एक वरचा दर्जा आणला तेव्हा खेळाडू खवळले. त्यानंतर त्याच्या वर दुसरा दर्जा आला नाही. नवे भाग विकले गेले ते नव्या प्रदेशांवर, हवेत तरंगण्याच्या पंखांवर, २०१७ मध्ये स्वारीच्या प्राण्यांवर. दहा वर्षांपूर्वी घडवलेलं शस्त्र तिथे आजही चालतं.

दुसरं उदाहरण 'ओल्ड स्कूल रूनस्केप' चं. आपल्या खेळाचं काय केलंत, असं खेळाडूंनी विचारलं, मतदान झालं, आणि २०१३ मध्ये कंपनीने २००७ ची जपून ठेवलेली आवृत्ती पुन्हा सुरू केली. तिथे कौशल्याची ९९ वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ अनुभव-गुण लागतात, आणि ९२ व्या पातळीला जेमतेम निम्मा रस्ता होतो. घावाचे आकडे इतके लहान की सर्वांत मोठा घाव एकाने वाढला तरी खेळाडू त्याची चर्चा करतात. नवी मोठी गोष्ट आणायची तर खेळाडूंचा कौल घेतला जातो. आधी ७५ टक्के मतांची अट होती, पुढे ती ७० वर आली. तिथेही ताकद हळूहळू सरकते, पण ती सरकवायची की नाही हे ज्यांची वर्षं पणाला आहेत त्यांना विचारून ठरतं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नेही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वाढ बांधून टाकली. वीस पातळ्या चढताना प्रावीण्याची भर +२ पासून +६ पर्यंतच जाते, त्यामुळे पहिल्या पातळीवरचा सामान्य भूत-पिशाच्चांचा घोळका विसाव्या पातळीच्या वीरालाही थोडीफार इजा करू शकतो. हा खेळ बुडाला नाही.

बुद्धिबळाचं उदाहरण तर उलट्या बाजूने शिकवतं. तिथल्या रेटिंगला आकडा वाटणारा कोणी दुकानदार नाही. साधारणपणे जिंकणारा मिळवतो तेवढंच हरणारा गमावतो. भारतात हजारो लहान मुलं कमी रेटिंग घेऊन स्पर्धांत उतरली आणि त्यांची ताकद आकड्यापेक्षा भराभर वाढली, तेव्हा त्यांच्याकडून हरणाऱ्या मोठ्यांचं रेटिंग घसरत गेलं. आकडा आणि ताकद यांचं नातं बिघडलं. म्हणून फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १ मार्च २०२४ ला २००० च्या खालची सगळी रेटिंग्ज एका सूत्राने वर उचलली. २००० आणि जुनं रेटिंग यातला जो फरक, त्याचे ४० टक्के वाढवून दिले आणि तळ १,४०० चा केला. ही दुरुस्ती आणि वॉरक्राफ्टची छाटणी वरवर सारखी दिसते. फिडेने मात्र तुटलेलं नातं जोडायला आकडे बदलले, तर तिकडे ते पुन्हा तोडायला जागा व्हावी म्हणून.

तिसरा आक्षेप सगळ्यात सोपा आणि मला सगळ्यात न पटणारा: खेळच तर आहे. आकडा खोटा असेल, पण त्यासाठी दिलेली रात्र खरी असते. शिखर सर करणाऱ्याला आपण म्हणत नाही की दगडच तर होता.

८. कोणाकडे काय मागायचं

आता खेळ परदेशातूनच येतात असं राहिलेलं नाही. पुण्यात नोडिंग हेड्सने 'राजी' बनवला, तो २०२० मध्ये जगभर पोचला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' आणला. हे दोन्ही रोल-प्लेइंग प्रकारातले नाहीत, पण असे खेळ इथल्या मुलांच्या हातून लवकरच बनतील. त्यांच्याकडे माझं मागणं एकच आहे. मिळवलेल्या वस्तूची ताकद किती काळ टिकेल, वरची मर्यादा काय, आणि ती बदलायची झाली तर खेळाडूंना विचारलं जाईल का, हे विक्रीच्या पानावर लिहा. औषधावर मुदत छापावी लागते, आकड्यावर छापायला काय हरकत आहे?

आणि आईबापांनो, मुलाने पॉवर वाढवायला शंभर रुपये मागितले तर नुसतं रागावू नका. त्याला शेजारी बसवून विचारा की मागच्या दिवाळीत घेतलेलं पात्र आता कितव्या क्रमांकावर आहे. ते त्याला ठाऊक असतं, फक्त ते त्याला कोणी विचारलेलं नसतं.